दसऱ्यानंतरचं गौताळा: एका दिवसात डोंगर आणि जनावरं

गौताळा औट्रमघाट अभयारण्य कन्नडच्या डोंगररांगेत सुमारे २६० चौरस किलोमीटर पसरलंय. दसरा ते दिवाळी हा इथला सगळ्यात देखणा काळ, पण जनावरं दिसायला सगळ्यात अवघड. पाऊस नुकताच सरलेला, ओढ्या-नाल्यांत सगळीकडे पाणी. मग जनावर तलावावर येईल कशाला? त्यात गवत कमरेएवढं. म्हणून उन्हाळ्यासारखं पाणवठ्यावर ठाण मांडून बसू नका, रस्त्याच्या कडा बघा. दवाने भिजलेल्या गवतापेक्षा मोकळी वाट जनावरांना बरी वाटते.

संभाजीनगरहून पहाटे पावणेपाचला निघा. वेरूळमार्गे कन्नड साधारण ६० किलोमीटर. डिझेल-पेट्रोल आणि नाश्ता तिथेच उरका, पुढे भरवसा नाही. माणशी तीन लिटर पाणी घ्या. वनविभागाच्या नाक्यावर नोंद करून, तिकीट घेऊन आत शिरा. कुठला रस्ता चालू आहे तेही तिथेच विचारा, कारण पावसाळ्यात फरश्या (नाल्यांवरचे ठेंगणे पूल) वाहून जातात.

आत ताशी वीसच्या वर जाऊ नका. काचा खाली, गाणी बंद. नाल्याच्या फरशीपाशी इंजिन बंद करून दहा मिनिटं नुसतं ऐका. वानर शेंड्यावरून एकाच दिशेला बघत खाकरत असेल आणि थांबत नसेल, तर बिबट्या जवळपास आहे असं धरा. एकदाच ओरडून गप्प झालं, तर नाद सोडा. ओल्या मातीत ठसे शोधा: बिबट्याचा ठसा गोलसर, नखं उमटत नाहीत, तरस-कुत्र्याची उमटतात. उकरलेलं वारूळ म्हणजे अस्वल येऊन गेलंय. एकाच जागी लेंड्यांचा ढीग साचला असेल तर तो रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा. रोही, रानडुक्कर, मोर दिसायची शक्यता सगळ्यात जास्त. वाघाची आशा धरू नका. २०२१ मध्ये यवतमाळकडच्या टिपेश्वर अभयारण्यातून चालत आलेला वाघ इथल्या कॅमेऱ्यात आला होता, पण तो अपवाद.

गाडीतून उतरलात तर वाट सोडू नका. या दिवसांत खाजकुयलीच्या शेंगा पिकू लागतात. तिची कुसं लागली की चोळू नका, जास्तच रुततात. चिकटपट्टी दाबून ओढून काढा, मग साबणाने धुवा. पूर्ण बाह्या, बंद बूट हवेतच.

दहानंतर ऊन तापतं (ऑक्टोबर हिट डोंगरातही सुटत नाही) आणि जनावर सावलीला जातं. तेव्हा पितळखोऱ्याला वळा. दरीतली ही बौद्ध लेणी इसवीसनापूर्वीची. तिथली यक्षमूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. पायऱ्या उतरताना सोपं वाटतं, चढताना गुडघे बोलतात, म्हणून बाराच्या आत वर या. कड्याला आग्या मोहोळ असतं: अत्तर, धूर, आरडाओरडा नको. माशा उठल्याच तर हात न झटकता तोंड झाकून दूर पळा.

दुपारनंतर पुन्हा जंगलात एक फेरी मारून साडेपाचच्या आत नाक्याबाहेर पडा. सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि गावोगाव डांबरीवर मका वाळत घातलेला असतो. अंधारात दुचाकी त्यावरून सरळ घसरते. कडेला राखणीला लावलेले दगडही दिसत नाहीत. वाटेत जखमी जनावर दिसलं तर हात लावू नका, वनविभागाच्या १९२६ वर फोन करून जवळच्या किलोमीटरच्या दगडाचा आकडा सांगा.