सायन्सवर विनोदी लिहायचंय? आधी कॅल्क्युलेटर काढा

बरेच जण काय करतात, आधी सगळी माहिती लिहून काढतात आणि मग वरून जोक भुरभुरवतात, आणि ते वाचताना लगेच कळतं कारण जोक काढून टाकले तरी लेखाला काही फरक पडत नाही. त्यापेक्षा गंमत फॅक्टमधूनच काढायची. म्हणजे चक्क आकडेमोड करायची.

प्लुटो घ्या. १९३० ला सापडला, २००६ ला ग्रहांच्या यादीतून बाहेर. यावर 'बिचारा प्लुटो' लिहून लिहून लोक दमलेत, ते सोडा. पण त्याला सूर्याभोवती एक चक्कर मारायला साधारण २४८ वर्षं लागतात, म्हणजे त्याच्या कॅलेंडरने बघितलं तर चार महिने व्हायच्या आत नोकरीवरून काढला, प्रोबेशनसुद्धा संपलं नव्हतं! आता फॉर्म आपोआप सुचतो, प्लुटोचा तक्रार अर्ज, "महोदय, कोणतीही पूर्वसूचना न देता मला..." असा एकदम सरकारी थाटात. अर्जदाराने स्वतः हसायचं नाही, हाहा तर अजिबात लिहायचं नाही. उत्तरात कारण द्या की 'आपण आपल्या कक्षेचा परिसर मोकळा केलेला नाही', आणि हे तर खरंच अधिकृत कारण आहे, बनवायला काही लागतच नाही.

खोटं फक्त एकच चालेल, प्लुटोला लिहिता येतं हे. बाकी आकडे खरेच पाहिजेत.

आणि आकडे तपासताना कधीकधी जोक मरतो, मरू द्या. शुक्राचा दिवस वर्षापेक्षा मोठा असं सगळीकडे वाचलेलं असतं, मग 'शुक्रावर रोज बर्थडे' लिहायचा मोह होतो. पण त्यामागचा २४३ दिवसांचा (म्हणजे आपल्या पृथ्वीवरच्या दिवसांचा) आकडा स्वतःभोवती फिरण्याचा, वर्ष २२५ दिवसांचं, आणि शुक्र उलटा फिरतो म्हणून एका सूर्योदयापासून पुढचा सूर्योदय ११७ दिवसांतच होतो. गेला बर्थडे. पण हातात काय आलं बघा, अख्ख्या वर्षात जेमतेम दोन सकाळी! म्हणजे 'वर्षभर रोज पहाटे उठणार' हा संकल्प आळशातला आळशी माणूससुद्धा तिथे पाळू शकतो, आणि वर सूर्य पश्चिमेला उगवतो ते वेगळंच. हा जोक आधीच्यापेक्षा भारी आहे की नाही?

अवघड शब्द आला तर समजावत बसू नका, अर्जदाराच्याच तोंडी घाला, तो तक्रार करता करता सांगेल. फक्त अर्ज एका पानात संपवा, त्यापुढे गेला की तो खरंच सरकारी वाटायला लागतो आणि कोणी वाचत नाही.