कुमानोची वाट: ताकिजिरीपासून नाचीपर्यंत पायी कसं जायचं

जपानमधल्या कुमानोला जाणारी बरीच मंडळी होशिनमोनपर्यंत बसने जातात, शेवटचे सात किलोमीटर चालतात आणि होंगूच्या देवळात पोचतात. हाताशी एकच दिवस असेल तर तसंच करा, तेही सुंदर आहे. पण चार-पाच दिवस काढता येत असतील तर ताकिजिरीपासून चाला. देवळापर्यंत पोचणं हा या वाटेचा अर्धाच भाग आहे. उरलेला अर्धा वाटेवरच्या छोट्या छोट्या ओजींमध्ये, म्हणजे लहान देवस्थानांमध्ये आहे, आणि बसमधून त्या दिसत नाहीत.

माझी आजी आळंदी-पंढरपूर वारी करायची. तिच्यासोबत मी दोनदा गेले आहे. गेल्या नोव्हेंबरात ओसाकाला नोकरी करणाऱ्या भाचीबरोबर कुमानोची ही नाकाहेची नावाची वाट चालले, तेव्हा आजीची आठवण पावलोपावली येत होती. पुढे जे सांगते आहे ते या चालण्यातून आलेलं आहे.

आधी थोडक्यात, ही वाट आहे काय. ओसाकाच्या दक्षिणेला किई द्वीपकल्प आहे, सगळा डोंगर, जंगल आणि पाऊस. तिथे कुमानोची तीन थोर देवस्थानं आहेत: होंगू, हायातामा आणि नाची. क्योतोहून निवृत्त सम्राट, सरदार, पुढे शेतकरी-कष्टकरीही हजार वर्षांपासून तिकडे पायी जात आले. गर्दी एवढी, की जपानीत त्याला 'मुंग्यांची कुमानोयात्रा' म्हणतात. सम्राट गो-शिराकावा तीसहून जास्त वेळा आले होते. 2004 साली ही देवस्थानं आणि या वाटा जागतिक वारसा यादीत गेल्या. नाकाहेची ही त्यातली सम्राटांची वाट, आणि पहिल्यांदा जाणाऱ्याने हीच धरावी. खाणाखुणा, मुक्काम, बस, सगळ्याची सोय इथे चांगली आहे.

कधी जायचं? ऑक्टोबरचा शेवट ते नोव्हेंबर, किंवा मार्चचा शेवट ते मे. जून-जुलैत त्यांचा पावसाळा असतो आणि ऑगस्ट-सप्टेंबरात चक्रीवादळं. आपण सह्याद्रीत पावसात चालतो म्हणून इथेही चालू, असं मनात आणू नका. वाटेवर शेवाळलेले दगड आणि देवदारासारख्या उंच सुगी झाडांची उघडी मुळं आहेत, आणि ओली झाली की दोन्ही साबणासारखी होतात. बुटाचा तळ खाचदार हवा. घरून काठी नेता आली नाही तर तिथे पोचल्यावर घ्या, पण काठीशिवाय जाऊ नका. मी उतारावर दोनदा तिच्यामुळेच वाचले.

मुक्कामाचं बुकिंग मात्र चार-पाच महिने आधी करा. वाटेवरच्या गावांत मिनशुकू असतात, म्हणजे घरगुती मुक्कामाची ठिकाणं, आणि एकेका ठिकाणी जेमतेम चार-सहा खोल्या. तानाबे शहराच्या पर्यटन विभागाची 'कुमानो ट्रॅव्हल' नावाची बुकिंगची साईट आहे, तिथे मुक्काम, डबा आणि सामानाची गाडी एकत्र ठरवता येतं. सामानाची गाडी घ्या असं मी आग्रहाने सांगेन. सकाळी मोठी बॅग ठेवून निघायचं, संध्याकाळी ती पुढच्या मुक्कामी असते. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन होतं म्हणून मी रेनजॅकेट मोठ्या बॅगेत टाकलं, आणि अकराला पाऊस सुरू झाला. चिकात्सुयुला पोचेपर्यंत अंगातून पाणी निथळत होतं आणि दात वाजत होते. रेनजॅकेट, टॉर्च, कोरडे मोजे आणि रोख पैसे पाठीवरच्या सॅकमध्येच हवेत. रोख का, तर डोंगरातल्या बऱ्याच घरांत कार्ड चालत नाही. पैसे तानाबेतच काढून ठेवा.

खाण्याचा प्रश्न आपल्याकडे पहिला येतो, म्हणून नीट सांगते. जपानी स्वयंपाकात मासा डोळ्यांना दिसत नाही तिथेही असतो, कारण बहुतेक रश्शाचं मूळ 'दाशी' असतं आणि ते सुकवलेल्या बोनितो माशापासून करतात. नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हटलं तर तुमच्यापुढे मासा घातलेलं सूप प्रेमाने येईल. बुकिंग करतानाच लिहा, आणि पोचल्यावर पुन्हा सांगा: 'निकु, साकाना, दाशी वा ताबेमासेन', म्हणजे मांस, मासे, दाशी खात नाही. ताकाहाराच्या मुक्कामी आजीबाईंनी हे ऐकून मान डोलावली आणि रात्री भात, टोफू, रानभाज्यांचा टेंपुरा, भोपळा आणि लोणचं वाढलं. मी डब्यातलं मेतकूट काढलं, त्यांच्या चिकट गरम भातावर भुरभुरलं आणि त्यांनाही थोडं दिलं. त्यांनी वास घेतला, चाखलं, आणि वाटी पुढे केली. दुपारसाठी उमेबोशी, म्हणजे खारवलेलं उमे फळ, घातलेली ओनिगिरी, म्हणजे भाताचा गोळा, चांगली. हा भाग त्या आंबट-खारट उमेसाठीच प्रसिद्ध आहे, आणि चालून घाम गेल्यावर तिच्याइतकं बरं काही लागत नाही. मोहरीच्या जातीच्या खारवलेल्या पानात गुंडाळलेला भाताचा गोळा म्हणजे मेहारी-झुशी. तो इथला खास पदार्थ आहे, पण आत काय घातलंय ते विचारून घ्या. शेंगदाण्याची चटणी आणि दशम्या घरून न्याच.

आता वाट. ओसाकाहून 'कुरोशिओ' गाडीने किई-तानाबे स्टेशन. स्टेशनला लागूनच पर्यटन केंद्र आहे. तिथे नकाशा घ्या, बसचं वेळापत्रक घ्या आणि शिक्क्यांची वही घ्या. तिथून ताकिजिरी बसने साधारण 40 मिनिटं. बसला मागच्या दाराने चढायचं, चढताना यंत्रातून नंबरची चिठ्ठी घ्यायची, आणि उतरताना पुढच्या पाटीवर त्या नंबराखाली जो आकडा दिसतो तेवढे पैसे डब्यात टाकायचे.

ओजी म्हणजे शब्दशः राजपुत्र. कुमानोच्या देवांची ही लेकरं, वाटेवर जागोजाग बसवलेली. जुनी माणसं 99 ओजी म्हणत, म्हणजे पुष्कळ. आज काही ठिकाणी लहानसं देऊळ आहे, काही ठिकाणी झाडाखाली नुसता नाव कोरलेला दगड. प्रत्येकापाशी खांबावर चिमणीच्या घरट्याच्या पेटीसारखी एक लाकडी पेटी असते, आणि तिच्यात शिक्का असतो. शिक्का मारण्याआधी थांबा, हात जोडा. आजी म्हणायची, वाटेवरच्या म्हसोबालासुद्धा नमस्कार केल्याशिवाय पुढे जाऊ नये. मी तेच केलं, आणि चालीचा ताल त्यातूनच सापडला. पेटीतलं शाईचं पॅड कधी कधी सुकलेलं असतं, तेव्हा एक छोटं पॅड जवळ ठेवा.

पहिला दिवस ताकिजिरी ते ताकाहारा, फक्त चार किलोमीटर. 'फक्त' शब्दाला फसू नका, देवळामागून निघालेली वाट सरळ चढच लागते. थोडं वर गेल्यावर तायनाई-कुगुरी येते, मोठ्या शिळांमधली फट. नाव आहे 'गर्भातून जाणं'. सॅक बाहेर ठेवायची, पोटावर सरकत अंधारात शिरायचं, आणि वरच्या अरुंद तोंडातून स्वतःला उजेडात ओढून काढायचं. बाई यातून गेली तर तिचं बाळंतपण सोपं होतं अशी समजूत आहे. गार दगड दोन्ही खांद्यांना घासत होता, हाताखाली ओली माती होती. बाहेर आले तेव्हा खरंच नव्याने श्वास घेतल्यासारखं वाटलं. गुडघे किंवा खांदे दुखत असतील तर बाजूने वाट आहे. ताकाहारात संध्याकाळपूर्वी पोचा. तिथल्या छोट्या देवळाशी प्रचंड कापराची झाडं आहेत, आणि सकाळी दरीत धुकं भरतं ते बघायला लवकर उठा.

दुसरा दिवस चिकात्सुयुपर्यंत, साधारण 10 किलोमीटर, जंगलातून. दर 500 मीटरवर नंबर घातलेला खांब आहे, काही झालं तर मदत मागताना तोच नंबर सांगायचा. फाट्यावर चुकीच्या वाटेला 'ही कुमानो कोदो (कुमानोची जुनी वाट) नव्हे' अशी पाटी असते, म्हणून चुकायला होत नाही. चिकात्सुयुत दुकान आहे, तिसऱ्या दिवसाची शिदोरी तिथे भरा.

तिसरा दिवस मोठा, होंगूपर्यंत साधारण 25 किलोमीटर. मी सातच्या आत निघाले होते आणि तुम्हीही निघा. नोव्हेंबरात पाचला सूर्य मावळतो आणि जंगलात साडेचारलाच अंधारतं. पाय साथ देत नसतील तर पहिला डांबरी टप्पा बसने गाठा, त्यात कमीपणा नाही. पण त्सुगिझाकुरा ओजीपाशी थांबाच. तिथल्या महाकाय सुगींच्या फांद्या एकाच बाजूला, दक्षिणेला गेलेल्या आहेत. त्या नाचीकडे हात करतात असं लोक मानतात. जवळच खाली नोनाकाचा झरा आहे, बाटली तिथे भरा. 2011 च्या चक्रीवादळात पुढच्या डोंगरात दरड कोसळली आणि वळणवाट काढली गेली. पाटी जिकडे वळवेल तिकडे निमूट वळा. वाटेत लाल लाळेरं बांधलेले जिझो भेटत राहतात. जिझो म्हणजे आपल्या संस्कृतातले क्षितिगर्भ बोधिसत्त्व, वाटसरूंचे आणि लेकरांचे राखणदार.

होशिनमोन ओलांडल्यावर वाट सोपी होते, चहाचे मळे लागतात. आणि मग फुशिओगामी. इथून होंगूचं पहिलं दर्शन होतं, म्हणून यात्रेकरू इथे जमिनीवर लोटांगण घालत. नावाचा अर्थच तो. वेळापूरच्या टेकावर पोचल्यावर वारकरी पंढरीच्या ओढीने धावा करतात, ते मला तिथे उभी असताना डोळ्यांपुढे आलं. इथेच इझुमी शिकिबू या प्राचीन कवयित्रीची आठवण म्हणून एक दगडी स्तूप आहे. आख्यायिका अशी, की ती इथवर पोचली आणि तिची पाळी आली. आता दर्शन नाही, म्हणून तिने दुःखाने एक कविता केली. रात्री कुमानोचा देव स्वप्नात आला आणि त्याने कवितेतच उत्तर दिलं: मी तर जगाच्या धुळीत मिसळलेला देव, तुझ्या पाळीची मला काय अडचण? ती दुसऱ्या दिवशी दर्शनाला गेली. कुमानोने बायकांना, रोग्यांना, कुठल्याही पंथाच्या माणसाला कधी दारातून परत पाठवलं नाही, अशी या जागेची कीर्ती आहे. माझी आई पाळीच्या दिवसांत उंबऱ्याबाहेर बसायची. त्या स्तूपाजवळ मी बराच वेळ बसले. भाची पुढे गेली होती, ती परत आली आणि काही न बोलता शेजारी बसली.

होंगूच्या देवळात हातपाय धुण्याऐवजी दारातल्या पाण्याने हात आणि तोंड धुतात, आधी डावा हात, मग उजवा. देवापुढे दोनदा वाकायचं, दोनदा टाळी वाजवायची, मनातलं सांगायचं, पुन्हा एकदा वाकायचं. बौद्ध मंदिरात मात्र टाळी नाही, नुसते हात जोडायचे. त्यानंतर खाली नदीकाठी ओयुनोहाराला जा. मूळ देऊळ तिथे, नद्यांच्या संगमावरच्या वाळवंटात होतं. 1889 च्या पुरात ते उद्ध्वस्त झालं, आणि वाचलेली देवळं 1891 मध्ये टेकडीवर हलवली. आता तिथे जवळपास 34 मीटर उंच तोरी, म्हणजे देवळाची कमान आहे आणि तिच्यामागे झाडांत मोकळी जागा. चंद्रभागेच्या वाळवंटात बसलेल्याला ती जागा ओळखीची वाटेल.

मुक्काम युनोमिनेला करा. ओढ्याकाठचं हे गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव. ओढ्यातच एक लाकडी खोपटं आहे, त्यात त्सुबोयु, दोन माणसांपुरतं दगडी कुंड. नंबर घ्यायचा, अर्धा तास तुमचा. कुंडात उतरण्याआधी अंग स्वच्छ धुवायचं आणि कपडे अजिबात नाहीत, हा नियम बहुतेक सगळीकडे आहे. आम्हाला पाऊण तास थांबावं लागलं. तेवढ्यात गावातल्या उकळत्या कुंडात जाळीच्या पिशवीतून रताळी सोडली, ती मीठ न लावताही खाल्ली.

पुढे नाचीपर्यंत दोन दिवस. पहिला उकेगावा ते कोगुची, 13 किलोमीटर, सुखाचा. त्यात ह्याक्केनगुरा म्हणून एक जागा आहे, तिथून डोंगरामागे डोंगर एवढंच दिसतं. दुसरा कोगुची ते नाची, साधारण 15, आणि सगळ्या वाटेतला सगळ्यात कठीण. सुरुवातीलाच 800 मीटरची चढण, तिच्या एका भागाचं नाव 'अंग मोडणारा चढ'. मोठ्या पावसात हा टप्पा टाळा आणि बसने जा.

पण या चढाच्या सुरुवातीला वारोदा-इशी आहे, शेवाळलेली मोठी शिळा. कुमानोचे तीन देव तिच्यावर बसून चहा पितात म्हणे. तिच्या अंगावर तीन बीजाक्षरं कोरलेली आहेत, सिद्धम् लिपीत: अमिताभ, भैषज्यगुरू आणि अवलोकितेश्वर. आपल्या देवनागरीची ही थोरली चुलत बहीण. शेवाळातल्या त्या वळणांवरून मी बोट फिरवलं नाही, दगड जुना आहे, तुम्हीही फिरवू नका. पण डोळ्यांनी अक्षर गिरवता येतं.

फुनामी खिंडीत समुद्र दिसतो, आणि तिथून गुडघ्यांची परीक्षा घेणारा उतार थेट सेइगांतो-जीच्या अंगणात उतरतो. हे बौद्ध मंदिर आणि नाचीचं देऊळ अगदी खेटून उभी आहेत, मागे 133 मीटरचा धबधबा. या मंदिराची स्थापना समुद्रातून वाहत आलेल्या एका भारतीय भिक्षूने केली अशी परंपरा आहे, त्यांना राग्यो शोनिन म्हणतात. मी तिथल्या ओट्यावर बूट काढून बसले, भाचीने वहीत शेवटचा शिक्का मारला. धबधब्याच्या पायथ्याशी जाऊन या, मग दाइमोन-झाकाच्या दगडी पायऱ्यांवरून सुगींच्या सावलीत सावकाश उतरा. पायऱ्या संपतात तिथून किई-कात्सुउरा स्टेशनची बस मिळते. तिची वेळ सकाळीच टिपून ठेवा, संध्याकाळी बस कमी होतात.