जुन्या संगणकात नवे ग्राफिक्स कार्ड बसवण्यापूर्वीची तयारी
कार्ड स्लॉटमध्ये बसेल का, ही चिंता सर्वांना असते. पण पीसीआय एक्सप्रेसच्या (ज्या पद्धतीच्या स्लॉटमध्ये कार्ड बसते तिच्या) वेगवेगळ्या पिढ्या एकमेकींशी जुळवून घेत असल्यामुळे अडचण सहसा तिथे येत नाही. ती येते वीजपुरवठ्यात आणि बायोसमध्ये (संगणक सुरू करणाऱ्या मदरबोर्डवरील प्रणालीत), म्हणून तयारीचा बहुतेक वेळ या दोन गोष्टींना द्यावा.

सर्वप्रथम कॅबिनेट उघडून एसएमपीएसवरील (वीजपुरवठा करणाऱ्या डब्यावरील) लेबल वाचावे. मोठ्या अक्षरांतल्या एकूण वॅटच्या आकड्याला भुलू नये. १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहावे, कारण कार्डाला लागणारी वीज मुख्यतः तिथूनच येते. तिथे १८ अँपिअर असतील, तर १२ व्होल्टवर २१६ वॅटच मिळणार आणि त्यातच प्रोसेसरचीही गरज भागवावी लागणार. स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, सहा पिनांच्या जोडणीतून आणखी ७५ आणि आठ पिनांच्या जोडणीतून १५०; हा हिशेब कागदावर मांडूनच पुढे जावे. प्रोसेसरची आठ पिनांची केबल कार्डाच्या केबलसारखीच दिसते, पण तिच्यातील १२ व्होल्ट आणि ग्राउंडच्या जागा उलट असतात. ती बसत नसेल तर जोर लावू नये. साटाच्या (हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या) जोडणीतून सहा पिना काढून देणारे अडॅप्टर तर मी कोणालाच सुचवणार नाही, कारण साटाची जोडणी १२ व्होल्टवर ५४ वॅटपुरतीच बनवलेली असते.

मोजपट्टी घेऊन स्लॉटपासून हार्ड डिस्कच्या कप्प्यापर्यंतचे अंतर मोजावे आणि कार्डाची जाडी शेजारच्या स्लॉटवर किंवा साटाच्या पोर्टवर येते का, तेही पाहावे. मॉनिटरला फक्त व्हीजीए असेल, तर आजच्या कार्डांवर ते पोर्ट नसते. डिस्प्लेपोर्ट किंवा एचडीएमआयवरून व्हीजीए देणारा ॲक्टिव्ह (आत सिग्नल बदलणारी चिप असलेला) अडॅप्टर आधीच आणून ठेवावा.

बायोसचा भाग अधिक किचकट आहे. मदरबोर्डचे मॉडेल आणि बायोसची आवृत्ती लिहून ठेवावी, अद्ययावत आवृत्ती उपलब्ध असल्यास ती जुने कार्ड बसलेले असतानाच चढवावी, कारण नंतर स्क्रीनवर काहीच दिसले नाही तर ते काम करणे अवघड होते. नव्या कार्डासाठी सीएसएम (संगणक जुन्या पद्धतीने सुरू करण्याची सोय) बंद करून यूईएफआय (सुरू करण्याची नवी पद्धत) सुरू करायचे असेल, तर विंडोजची डिस्क एमबीआर या जुन्या विभागणी पद्धतीची आहे का ते आधी तपासावे. असेल तर संगणक सुरूच होणार नाही. विंडोज १० च्या १७०३ या आवृत्तीपासून अशी डिस्क नव्या जीपीटी पद्धतीत बदलणारे एमबीआरटूजीपीटी हे साधन सोबत येते, मात्र ते चालवण्यापूर्वी डेटाची प्रत काढावी. बिटलॉकर (डिस्कवरील डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असल्यास त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्यावी. ती त्याच संगणकात जपून ठेवणे म्हणजे किल्ली कुलपाच्या आत ठेवणे होय.

काही स्वस्त कार्डे, उदाहरणार्थ आरएक्स ६५०० एक्सटी, केवळ चार लेनवर (स्लॉटमधील डेटा वाहून नेणाऱ्या मार्गांवर) चालतात. चौथ्या पिढीच्या स्लॉटमध्ये ते ठीक असते, तिसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्ये मात्र वहनक्षमता निम्मी होते आणि कार्डाची स्वतःची मेमरी अपुरी पडली की त्याचा फटका जाणवतो. इंटेलच्या आर्क कार्डांना रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सर्व मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतो. जुन्या बोर्डावर ती सोय नसेल, तर कार्ड चालेल, पण मंद चालेल.

शेवटी जुने ड्रायव्हर काढावेत, नवे ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर घ्यावेत आणि वीज पूर्ण बंद करून कार्ड बसवावे. पंखे फिरूनही स्क्रीन काळीच राहिली, तर मॉनिटरची केबल चुकून मदरबोर्डला लावलेली नाही ना, हे सर्वात आधी पाहावे. मग वीजजोडणी, मग बायोस, आणि प्रत्येक वेळी एकच बदल करावा. जुने कार्ड हाताशी ठेवावे: ते परत लावल्यावर संगणक सुरू झाला, तर बोर्ड शाबूत आहे एवढे तरी लगेच कळते.