रोमानियातलं नदीकाठचं शांत गाव वॉटरकलरमध्ये कसं रंगवायचं

रोमानियाच्या अगदी उत्तरेला, युक्रेनच्या बॉर्डरला लागून मारामुरेश नावाचा भाग आहे. तिथे इझा नदीच्या काठाने एकामागून एक गावं लागतात, लाकडी घरं, लाकडी चर्च, उतारावर गवताच्या गंज्या. लँडस्केप शिकणाऱ्या कुणालाही मी हा विषय आवर्जून सुचवते, कारण इथे भडक रंग लावले की गावाची शांतता गेलीच म्हणून समजा, सगळी मजा करड्या रंगांत आहे.

आधी रोमानियाचे दोन चित्रकार नेटवर शोधून नीट बघा, निकोलाए ग्रिगोरेस्कू (१८३८–१९०७) आणि योन आंद्रेएस्कू (१८५०–१८८२). दोघांनीही फ्रान्समध्ये बार्बिझोंला राहून काम केलं आणि मग आपल्या देशातली खेडी रंगवली. ग्रिगोरेस्कूच्या बैलगाड्या प्रसिद्ध आहेत, पण मला स्वतःला आंद्रेएस्कू जास्त भावतो. अवघ्या ३२ व्या वर्षी गेला, पण त्याचे दबलेले, मातकट रंग बघत राहावेसे वाटतात. दोघांची कामं ऑइलमधली आहेत, आपण त्यातून फक्त टोन, म्हणजे रंगाचा फिके-गडदपणा, शिकायचा.

आता फोटो निवडा. बर्साना गावाचे भरपूर मिळतील, तिथलं लाकडी चर्च युनेस्कोच्या यादीत आहे (१९९९ मध्ये मारामुरेशची ८ चर्च एकदम यादीत गेली). ढगाळ दिवसाचा फोटो घ्या, कडक उन्हाचा नको.

पेपर ३०० जीएसएमचा (म्हणजे जाडसर), कोल्ड प्रेस (म्हणजे किंचित दाणेदार). पेन्सिलने मोजकंच काढा: नदीची वळणारी रेघ, चार-पाच छपरं, चर्चचा उंच निमुळता मनोरा, मागे गोलसर डोंगर. छपरं खूप उतरती ठेवा, बर्फ नि पाऊस घसरून जावा म्हणून तिथे ती तशीच बांधतात, आणि आपल्या कोकणातल्या कौलारू घरांची सवय असलेला हात ती नकळत बसकी काढतो.

पहिला वॉश (पातळ रंगाचा हात) आकाश आणि पाणी दोघांना एकदमच द्या, अल्ट्रामरीनमध्ये (गडद निळा) किंचित बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) घालून. तो पूर्ण वाळू दे.

खरं काम छपरांचं. ती लाकडाच्या पातळ फळकुटांची असतात नी ऊनपावसाने चंदेरी-करडी होतात, म्हणून ब्राऊन लावायचा मोह टाळा. तेच दोन रंग घ्या, निळा जास्त घातला की थंड करडा, सिएना जास्त घातला की उबदार करडा, आणि एकाच छपरावर दोन्ही ओले असतानाच एकमेकांत जाऊ द्या, ब्रशने घोटत बसू नका. वाळल्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशने वरून खाली हलकेच ओढा, पेपरच्या दाण्यांवर रंग अडकतो आणि फळकुटं आपोआप दिसायला लागतात, एकेक काढावी लागत नाहीत.

हिरवा ट्यूबमधला तसाच लावू नका, त्यात सिएना घालून त्याचा भडकपणा मोडा. गंज्या मधल्या खांबाभोवती रचलेल्या असतात, खांबाचं टोक वर डोकावू दे आणि खाली यलो ऑकर (मातकट पिवळा), सावलीच्या बाजूला थोडा करडा, बास.

प्रतिबिंबात एक नियम पाळा: उजळ वस्तू पाण्यात जरा गडद दिसते आणि गडद वस्तू जरा फिकी. म्हणून छपराचं प्रतिबिंब छपराइतकं काळं करू नका. स्ट्रोक उभे द्या, मग ओल्या ब्रशने एक-दोन आडव्या रेघांमधला रंग उचला, म्हणजे काढून घ्या. इझा उथळ आहे, काठाला गोटे दिसतात, तिथे थोडा पेपर कोरा सोडला तरी चालतो.

शेवटी चित्राचा मोबाईलवर फोटो काढून तो ब्लॅक अँड व्हाइट करून बघा. चर्चचा मनोरा मागच्या डोंगरात हरवला असेल तर मनोऱ्याला हात लावू नका, डोंगर स्वच्छ पाण्याने ओला करून टिश्यूने थोडा उचला.