बँकेच्या स्ट्राँगरूमच्या लाइनमध्ये यायचंय? मग हे आधी वाचा

आयटीआय फिटर किंवा डिप्लोमा मेकॅनिकल झालेली पोरं हल्ली बरीच विचारतात की दादा, बँकेच्या तिजोरीचं काम कसं असतं, पुढे स्कोप आहे का. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगून कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. मी स्ट्राँगरूमची, म्हणजे बँकेची रोकड आणि लॉकर ठेवायच्या पक्क्या खोलीची, दारं बसवणं आणि त्यांची सर्व्हिस करणं हेच करत आलोय, आधी एका डीलरकडे नोकरी, आता स्वतःचं छोटं कॉन्ट्रॅक्ट, फिरणं जास्त करून सांगली, सातारा, कोल्हापूर आणि खाली कोकणात.

पिक्चरमध्ये दाखवतात ते गोल दार आणि जहाजासारखं चाक आधी डोक्यातून काढा. आपल्याकडच्या शाखांमध्ये दार चौकोनी असतं, हँडल असतं, दोन चाव्यांची भोकं असतात आणि दाराच्या आत लगेच एक ग्रिल गेट. दिवसभर जड दार उघडं आणि ग्रिल गेट बंद असाच कारभार चालतो. नवीन पोरगा साइटवर आला की सगळं लक्ष त्या दाराकडे, बोल्ट किती जाड, लॉक कुठलं वगैरे. पण दार ही सहा बाजूंपैकी एका बाजूतली एक वस्तू आहे. चार भिंती, वरचा स्लॅब आणि खालची जमीन, यातली एक बाजू कच्ची राहिली की दार कितीही भारी असलं तरी उपयोग शून्य.

याचं आपल्या इकडचंच उदाहरण म्हणजे नवी मुंबईतलं जुईनगर, नोव्हेंबर २०१७. चोरांनी बँकेच्या शेजारचा गाळा काही महिने आधी भाड्याने घेतला, दुकान थाटलं, आणि आतून बोगदा खणत खणत थेट लॉकर रूमच्या जमिनीतून वर आले. तीसेक लॉकर फोडले. शनिवार-रविवार बँक बंद, सोमवारी उघडल्यावर कळलं. दाराला कोणी हातसुद्धा लावला नव्हता. तेव्हापासून मी कुठल्याही साइटवर गेलो की आधी खाली बघतो, मग शेजारच्या गाळ्यात कोण आहे ते विचारतो, दार सगळ्यात शेवटी.

आता बांधकाम. बँकेच्या बऱ्याच शाखा भाड्याच्या जागेत असतात, आणि पुष्कळदा स्ट्राँगरूमची आरसीसी खोली जागामालकाने स्वतःच्या खर्चाने बांधून द्यायची असते, दार, ग्रिल गेट आणि व्हेंटिलेटर (हवेचा झरोका) बँक पुरवते. जागेच्या टेंडरमध्ये साधारण असं लिहिलेलं असतं की भिंत १२ इंच आरसीसी, १२ एमएमची सळई, दोन्ही दिशांनी ६-६ इंचावर, आणि अशा दोन जाळ्या. दुसरी जाळी पहिलीच्या बरोबर मागे नाही बांधायची, थोडी सरकवून बांधायची, म्हणजे समोरून बघितलं तर पहिलीच्या चौकोनांच्या मधे दुसरीची सळई दिसली पाहिजे. कारण सरळ आहे, काँक्रीट फुटलं तरी माणूस शिरेल एवढी फट मिळता कामा नये. आणि मालक नेमका इथेच हात आखडतो, एक जाळी बांधतो आणि म्हणतो साहेब एवढी भक्कम भिंत कोण फोडतंय. म्हणून स्टील बांधून झालं की शटरिंग (काँक्रीट ओतायचा साचा) बंद व्हायच्या आधी बँकेच्या इंजिनिअरने येऊन बघायचं असतं. एकदा माल ओतला की आत काय आहे ते कोणालाच दिसत नाही. खोली वरच्या मजल्यावर असेल तर लोड झेपतो का याचं स्ट्रक्चरल इंजिनिअरचं सर्टिफिकेटही लागतं. पाण्याची किंवा ड्रेनेजची लाइन स्ट्राँगरूममधून जाऊ द्यायची नाही, लाइटचं मेन बटण बाहेर. आणि तळघर किंवा नदीकाठचा तळमजला असेल तर २०१९ चा महापूर आठवा, आमच्या पट्ट्यात ते वेगळं सांगावं लागत नाही.

दाराची चौकट शक्यतो कास्टिंगच्या, म्हणजे काँक्रीट ओतायच्या, आधीच उभी करायची, तिचे अँकर भिंतीच्या सळईला वेल्ड करायचे आणि ओळंबा दोन्ही बाजूंनी तपासायचा. काही दारं टनाच्या वर जातात. जुन्या पेठेत बोळातून ते आत न्यायचं म्हणजे पाइपचे रोलर, जॅक, चेन पुली आणि चार अनुभवी माणसं, क्रेन तिथे पोचतच नाही. चौकट जराशी जरी कलली ना, तर दार आपोआप उघडत किंवा मिटत राहतं, बिजागरीवर नको तेवढा ताण येतो आणि वर्षभरात बोल्ट घासायला लागतात, मग मॅनेजरचा रोज सकाळी फोन. अजून एक गोष्ट हाताने शिकायची. चौकटीच्या कडेला सळयांची गर्दी असते म्हणून कामगार तिथे व्हायब्रेटर (काँक्रीट हलवून घट्ट बसवणारं मशीन) घालायचा कंटाळा करतात, मग आत पोकळ राहतं, खडी नुसती एकमेकीला चिकटलेली. शटरिंग काढलं की चौकटीभोवती वीतभर अंतरावर हातोडीने हलकं ठोकत जायचं. भरीव जागी टण् आवाज येतो, पोकळ जागी भद्द. दोन-चार साइट झाल्या की कान तयार होतो, त्याला कुठलं मशीन लागत नाही.

व्हेंटिलेटर कशाला हा प्रश्न प्रत्येक नवा पोरगा विचारतो. आत चुकून माणूस अडकला तर? मार्च २०२२ मध्ये हैदराबादला ऐंशी पार केलेले एक आजोबा लॉकर बघायला गेले आणि स्टाफ शाखा बंद करून घरी, ते रात्रभर आतच. डायबिटीस होता त्यांना. दुसऱ्या दिवशी सीसीटीव्ही बघून शोध लागला, वाचले बिचारे. त्यामुळे आतलं अलार्मचं बटण चालतंय का हे सर्व्हिसला गेल्यावर दर वेळी दाबून बघायचं, रजिस्टरवर नुसती टिक मारायची नाही.

सिक्युरिटीचा खरा हिशोब वेळेचा असतो, हे मला कामात पडल्यावर बऱ्याच उशिरा उमगलं. न फुटणारी तिजोरी जगात कोणी बनवत नाही. अमेरिकेत यूएल या तपासणी संस्थेची जी रेटिंग आहेत ती मिनिटांतच आहेत, क्लास १ म्हणजे ३० मिनिटं, क्लास २ म्हणजे ६०, क्लास ३ म्हणजे १२०, तेवढा वेळ हत्यारांपुढे टिकली पाहिजे. मधल्या वेळात अलार्म वाजून कोणीतरी यायचं असतं. कोणी आलंच नाही तर काय होतं ते लंडनच्या हॅटन गार्डन या जवाहिऱ्यांच्या भागातल्या लॉकर कंपनीत एप्रिल २०१५ मध्ये दिसलं. ईस्टरची सुट्टी, ५० सेंटीमीटरची काँक्रीटची भिंत, आणि पेन्शनीत निघालेले चोर ड्रिल घेऊन आले. अलार्म वाजला होता! गार्ड आला, बाहेरून बघून गेला, पोलिसांनी कॉलला प्रतिसाद द्यायची गरज नाही असं ठरवलं. पहिल्या रात्री चोरांचं काम अर्धवट राहिलं तर ते निवांत घरी जाऊन एक दिवसाने परत आले. आपल्याकडेही सप्टेंबर २०१५ पासून दुसरा आणि चौथा शनिवार बँका बंद असतात, म्हणजे रविवार धरून सलग दोन दिवस शाखेत कोणी नाही, आणि सोमवारी सण आला तर तीन. उंदरामुळे किंवा कोळ्याच्या जाळ्यामुळे सेन्सर सारखा वाजतो म्हणून सायरनची वायरच काढून ठेवलेली शाखा मी पाहिलेली आहे. कुठली ते सांगणार नाही. पण तुम्हाला असं दिसलं तर सर्व्हिस रिपोर्टमध्ये लिहा, तोंडी सांगून सोडून देऊ नका.

टाइम लॉकची कल्पनाही अशीच वेळेची. अमेरिकेतल्या जेम्स सार्जंटने १८७३ मध्ये ते आणलं, कारण तेव्हा दरोडेखोर थेट बँकवाल्याच्या घरी जाऊन बायकापोरांसमोर बंदूक धरून तिजोरी उघडायला लावायचे. टाइम लॉक लावलं की ठरलेल्या वेळेआधी खुद्द मालकालाही दार उघडत नाही, मग घरी जाऊन धमकी द्यायचा काही फायदाच उरत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, म्हणजे जॉइंट कस्टडी. एक चावी एका अधिकाऱ्याकडे, दुसरी दुसऱ्याकडे, बहुतेक मॅनेजर आणि हेड कॅशियर, दोन्ही लागल्याशिवाय दार उघडत नाही. डुप्लिकेट सेट सीलबंद पाकिटात दुसऱ्या शाखेत जमा असतो. शाखेची गर्दी असते, तुम्ही एएमसीच्या (वार्षिक देखभाल कराराच्या) कॉलला गेलेले असता, आणि मॅनेजर सहज म्हणतात, “अहो या घ्या दोन्ही चाव्या, तुम्ही चालू करा काम, मी आलोच.” घ्यायच्या नाहीत. हात मागे. “साहेब, तुम्ही आणि कॅशियर मॅडम दोघं आलात की मी सुरू करतो, तोवर थांबतो,” एवढंच हसून म्हणायचं. काही साहेब चिडतात, चिडू देत. उद्या पन्नास हजारांचा फरक निघाला तर त्या पाच मिनिटांत चावी कोणाकडे होती हेच विचारलं जाणार आहे, आणि तिथे बाहेरचा माणूस एकटे तुम्हीच असता. कॅशियर मोजत असतील तर पाठ करून उभं राहायचं, काम करताना बॅग बाहेर ठेवायची, आत जाताना आणि निघताना रजिस्टरवर वेळ टाकून सही.

लॉकरचे नियम रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२१ च्या परिपत्रकात आले, १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले, मूळ परिपत्रक एकदा तरी वाचाच. आपल्या कामाचं त्यात बरंच आहे. स्ट्राँगरूममध्ये ये-जा करण्याचं सीसीटीव्ही रेकॉर्डिंग कमीत कमी १८० दिवस ठेवायचं, लॉकरच्या चावीवर बँकेचा आणि शाखेचा कोड उठवलेला पाहिजे, पावसाचं आणि पुराचं पाणी आत शिरणार नाही अशी जागा पाहिजे. आग, चोरी किंवा बँकेच्या माणसाच्या लबाडीमुळे नुकसान झालं तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या १०० पट. ग्राहकांना वाटतं आत किती सोनं होतं त्यावर भरपाई मिळते, तसं नाही. सात वर्षं न उघडलेला लॉकर फोडायचं काम आलं तर त्याला साक्षीदार, व्हिडिओ शूटिंग, यादी सगळं लागतं. कागद पूर्ण असल्याशिवाय ड्रिल बॅगेतून काढायचंच नाही.

करन्सी चेस्टची, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या वतीने नोटांचा साठा ठेवायच्या जागेची, कामं मोठी असतात. २०१९ च्या नियमाप्रमाणे नव्या चेस्टची व्हॉल्ट किमान १५०० चौरस फूट पाहिजे, डोंगराळ किंवा दुर्गम भागात ६००. तिथे पहिल्या वर्षी कोणी तुम्हाला नेणार नाही, आणि नेलं तरी टूल बॉक्स धरायलाच.

पगार सुरुवातीला बेताचाच, काम सुट्टीच्या दिवशी किंवा शाखा बंद झाल्यावर रात्री. पोलीस व्हेरिफिकेशन होतं त्यामुळे भांडणं, केसेस यांपासून लांब राहा. साइटवरचा सेल्फी स्टेटसला ठेवायचा नाही, आत्ता कुठल्या शाखेत आहे हे मित्रालाही सांगायचं नाही, घरी विचारलं तर “बँकेत कामाला आलोय” एवढंच. नुसत्या मेकॅनिकल लॉकवर आता भागत नाही, सीसीटीव्हीची वायरिंग, डीव्हीआर (रेकॉर्डिंगचं मशीन), अलार्म पॅनल आणि थोडं नेटवर्किंग शिकून घ्या, पुढची कामं तिकडेच जास्त आहेत. आणि एक, बायोडेटात “कुठलंही लॉक उघडू शकतो” असं लिहिणारी पोरं असतात, त्यांना या लाइनमध्ये इंटरव्ह्यूलाही कोणी बोलवत नाही. “इन्स्टॉलेशन आणि सर्व्हिस” लिहा.