महाकाय राक्षसाची लढाई रचताना: पर्पल वर्मचं उदाहरण

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या फासे टाकून खेळायच्या भूमिकाखेळात नव्या डीएमची (खेळ चालवणाऱ्या सूत्रधाराची) पहिली महाकाय लढाई बहुतेक वेळा फसते ती एकाच प्रकारे. भलामोठा राक्षस टेबलावर येतो, चौघं खेळाडू त्याला घेरतात आणि तिसऱ्या राउंडला (सगळ्यांच्या पाळीच्या तिसऱ्या फेरीत) तो आडवा होतो. आकडे मोठे असतात, पण राक्षस जागचा हललेलाच नसतो.

या खेळाच्या 2014 च्या नियमांतला पर्पल वर्म, म्हणजे जमीन पोखरणारा अजस्र किडा घ्या. आर्मर क्लास (वार लागायला गाठायचा आकडा) 18, हिट पॉइंट (जीव किती) 247, चॅलेंज रेटिंग (किती अवघड) 15. अकराव्या लेव्हलच्या चौघांसाठी ही लढाई कागदावर 'हार्ड' ठरते. पण चौघांनी मिळून राउंडला 90 डॅमेज (हिट पॉइंटमधली घट) केलं की तीन राउंडांत खेळ खलास. त्याहून वाईट म्हणजे त्याचा करिष्मा 4, म्हणजे सेव्हला (मंत्र किंवा धोका टाळण्यासाठी टाकायच्या वीस बाजूंच्या फाशाला) वजा 3. डीसी (सेव्हला गाठायचा आकडा) 17 च्या 'बॅनिशमेंट'पुढे, म्हणजे राक्षसाला लढाईतून दुसऱ्या जगात हाकलणाऱ्या मंत्रापुढे, फाशावर 20 पडले तरच तो वाचतो. पण खेळाडूचा मंत्र नुसता फुकट घालवू नका, तो हिरमुसतो. वर्मला असे दोन मंत्र झटकू द्या, पण प्रत्येक वेळी त्याचा एक अवयव निकामी करा: आधी शेपटीची नांगी, मग जबडा.

नांगीला वेगळे 40 हिट पॉइंट द्या, मात्र तिथलं डॅमेज मूळ 247 मधूनही वजा करा. हे विसरलात तर नांगीवर वार करणं तोट्याचं ठरतं आणि कुणी तिकडे फिरकत नाही.

आता नकाशा. वर्म 4 बाय 4 चौकोन व्यापतो (एक चौकोन म्हणजे 5 फूट, नकाशावर साधारण अडीच सेंटिमीटर). 10 सेंटिमीटरचा चौकोनी पुठ्ठा पुरतो. गुहा निदान 24 बाय 24 चौकोनांची हवी, भिंतींना 15-20 फूट उंचीचे कट्टे हवेत. त्यावरून पाठीवर उडी मारता येते, आणि मोठ्या प्राण्याच्या अंगावर चढण्याचा ऐच्छिक नियम डीएमच्या पुस्तकात आहेच. चढलेल्याला वार करताना ॲडव्हांटेज मिळतो (दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा).

सगळ्यात जास्त वेळ द्या तो इशाऱ्याला. इनिशिएटिव्ह 20 वर (राउंडमधल्या पाळीच्या क्रमात 20 या आकड्यावर) जमीन थरथरते. तुम्ही 15 फुटांचं वर्तुळ आखून ठेवता. पुढच्या 20 ला तिथेच जमीन खचते: डीसी 15 डेक्स्टेरिटी (चपळाई) सेव्ह, चुकला तर 4डी6 (सहा बाजूंचे चार फासे) डॅमेज. मधल्या अख्ख्या राउंडात खेळाडू पळतात, एकमेकांना ओढतात, मोक्याची जागा सोडावी का यावर वाद घालतात. थरार त्या वादात आहे. इशारा न देता जमीन खचवली तर ती फक्त शिक्षा वाटते.

वर्म खेळाडूच्या पात्राला गिळू शकतो; हा नियम मात्र जपून वापरा. पोटात दर राउंडला सरासरी 21 ॲसिड डॅमेज बसतं. आतून एका टर्नमध्ये (एका पाळीत) 30 डॅमेज झालं तर वर्म डीसी 21 चा कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) सेव्ह टाकतो, पण त्याचा बोनस +11, म्हणजे 55 टक्के वेळा तो गिळलेलं ओकत नाही. आंधळा, जखडलेला विझर्ड (जादूगार) आत नुसता बसून राहतो. म्हणून आतलं डॅमेज दोन राउंडांपर्यंत साठू द्या आणि दुसऱ्या सेव्हला डिसॲडव्हांटेज द्या (दोन फाशांतला लहान आकडा घ्यायचा).

60 हिट पॉइंट उरले की तो बिळाकडे वळतो. जाताना खडकात 10 फूट व्यासाचा बोगदा सोडून जातो. त्यात शिरायचं की नाही, हे खेळाडूंना ठरवू द्या.