जमिनीखालून वीज नेताना: केबल किती खोल पुरावी आणि ती खोली कुठून मोजावी

मीटरपासून घरापर्यंत, गोठ्यापर्यंत किंवा विहिरीवरच्या मोटरीपर्यंत जमिनीखालून केबल न्यायची ठरली की पहिला प्रश्न निघतो तो चर किती खोल घ्यायचा याचा. ‘अडीच फूट’ हे उत्तर बहुतेक वायरमनच्या तोंडी असते आणि ते चुकीचे नाही. परंतु हे अडीच फूट नेमके कुठून कुठपर्यंत मोजायचे, हे सहसा कोणी सांगत नाही आणि माझ्या पाहण्यातल्या बहुतेक चुका तिथेच झालेल्या आहेत.

भारतात ३३ किलोव्होल्टपर्यंतच्या वीजकेबलींची उभारणी आणि देखभाल कशी करावी यासाठी आय.एस. १२५५ ही मानक संहिता आहे. तिची १९८३ सालची आवृत्ती आजही कामाचा आधार मानली जाते. तिच्यानुसार कमी दाबाच्या केबलीसाठी, म्हणजे घरगुती २३० व्होल्ट किंवा मोटरीच्या तीन फेज ४१५ व्होल्ट पुरवठ्यासाठी, किमान खोली ७५ सेंटिमीटर आहे, ३.३ ते ११ किलोव्होल्टसाठी ती ९० सेंटिमीटर, तर २२ आणि ३३ किलोव्होल्टसाठी १०५ सेंटिमीटर आहे. केबल रस्ता ओलांडत असेल तर ती किमान १ मीटर खोल हवी. रेल्वेमार्गाखालून जाताना रुळांखालच्या स्लीपरच्या तळापासून पाइपच्या माथ्यापर्यंत १ मीटर अंतर हवे, आणि ते काम अर्थातच रेल्वेच्या परवानगीशिवाय होत नाही.

रेल्वेचा अपवाद सोडला तर हे सगळे आकडे जमिनीच्या पृष्ठभागापासून केबलीच्या माथ्यापर्यंतचे आहेत, चराच्या तळापर्यंतचे नव्हेत. केबलीखाली सुमारे ८ सेंटिमीटर वाळूची गादी लागते आणि केबलीची स्वतःची जाडी तीन-चार सेंटिमीटर धरावी लागते. म्हणून कमी दाबाच्या केबलीसाठी चर ९० सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ तीन फूट, खोदावा लागतो. जो माणूस अडीच फुटांचा चर घेऊन त्यात वाळू पसरतो आणि वर केबल टाकतो, त्याची केबल प्रत्यक्षात दोन फुटांच्या थोडी खाली राहते. चर बुजवताना मधोमध मातीचा थोडा उंचवटा ठेवण्याची पद्धत योग्य आहे, कारण पहिल्या पावसात भरलेली माती खाली बसते. मात्र तो उंचवटा खोलीत मोजू नये.

दुसरी गोष्ट अशी की, खोली मोजायची ती आजच्या जमिनीपासून नव्हे, तर पुढे कायम राहणाऱ्या पातळीपासून. एका शेतात उताराच्या वरच्या अंगाने केबल व्यवस्थित ७५ सेंटिमीटरवर टाकलेली मी पाहिली होती. पुढे जमिनीचे सपाटीकरण झाले, वरच्या अंगाची माती खालच्या अंगाला ओढली गेली आणि केबलीवर जेमतेम एक वीत माती उरली. नशिबाने वखराच्या पासेला केबलीवर मांडलेल्या विटा लागल्या आणि प्रकार वेळीच ध्यानात आला. अंगणात पेव्हर ब्लॉक बसवायचे असतील, गेटचा रस्ता खाली घ्यायचा असेल किंवा शेत सपाट करायचे असेल, तर ते काम आधी उरकावे. ते शक्य नसल्यास होणारी पातळी दोरी लावून ठरवावी आणि तिथून खाली मोजावे.

७५ सेंटिमीटर हाच आकडा का, हे आपल्या शिवारातल्या अवजारांकडे पाहिले तर समजते. कुदळीने सहज म्हणून खणलेला खड्डा फूट-दीड फुटाचा असतो, नेहमीची नांगरट फूटभर जाते आणि ठिबकच्या उपवाहिनीचा चर दीड-दोन फुटांचा असतो. ही सारी कामे केबलीच्या वरच संपतात. पण सबसॉयलर, म्हणजे खालचा कडक थर फोडणारे अवजार, नेहमीच्या नांगरटीहून बराच खोल जातो आणि आंब्याच्या कलमासाठी घेतला जाणारा १ मीटर लांब, १ मीटर रुंद आणि १ मीटर खोल खड्डा तर ७५ सेंटिमीटरवरच्या केबलीला नक्कीच गाठतो. म्हणून शेतातून केबल नेताना माझे मत स्पष्ट आहे: शक्यतो ती वहितीच्या जमिनीतून तिरपी नेऊ नये, बांधाच्या कडेने न्यावी, मग भले पंचवीस-तीस मीटर केबल जास्त लागो. शेत ओलांडणे टळतच नसेल तर तेवढ्या टप्प्यात १ मीटर खोली धरावी.

मग सरसकट दीड-दोन मीटर खोल का पुरू नये, असा प्रश्न साहजिक आहे. प्रवाह वाहताना केबल तापते आणि ती उष्णता मातीतून वर जाऊन हवेत सुटावी लागते. केबल जितकी खोल, तितकी ही वाट लांब. उत्पादकांच्या तक्त्यांतील ॲम्पिअरचे आकडे कमी दाबाच्या केबलीसाठी ७५ सेंटिमीटर खोली आणि ३० अंश सेल्सिअस भूतापमान धरून काढलेले असतात. जास्त खोल गेल्यास, किंवा चार केबली एकमेकींना खेटून टाकल्यास, त्या आकड्यांत घट करावी लागते. शिवाय खोल चर स्वतःच धोकादायक असतो. मोकळ्या मातीत दीड मीटरच्या खाली उतरणाऱ्या मजुरावर चराची भिंत ढासळू शकते, त्यामुळे आधाराच्या फळ्या लावल्याशिवाय कोणालाही आत उतरवू नये.

केबल आर्मर्डच असावी, याविषयी तडजोड करू नये. बाहेरच्या आवरणाखाली पोलादी तारांचे किंवा पट्ट्यांचे चिलखत असलेली, १,१०० व्होल्ट दर्जाची, आय.एस. ७०९८ नुसार बनलेली एक्सएलपीई (क्रॉसलिंक्ड पॉलिथिलीन इन्सुलेशनची) किंवा आय.एस. १५५४ नुसार बनलेली पीव्हीसी केबल थेट मातीत टाकता येते. या चिलखताचे काम केवळ मार सोसण्याचे नाही. ते दोन्ही टोकांना ग्लँड (केबल पेटीला घट्ट धरणारा धातूचा जोड) बसवून नीट अर्थिंगला जोडलेले असेल, तर पहार आत घुसली तरी ती आधी अर्थ झालेल्या धातूला भिडते, दोषाचा प्रवाह जमिनीत जातो आणि संरक्षक उपकरणाला पुरवठा तोडण्याची संधी मिळते. अर्थ न केलेले चिलखत हे अर्धेच संरक्षण आहे. विहिरीत सोडायची चपटी सबमर्सिबल केबल किंवा घरातली साधी वायर थेट मातीत पुरू नये; स्वस्तात होते म्हणून हे सर्रास केले जाते आणि घुशी-उंदरांनी कुरतडलेल्या अशा वायरीतून पावसाळ्यात ओल्या जमिनीत वीज उतरते.

आता प्रत्यक्ष कामाचा क्रम पाहू. चर एका केबलीसाठी किमान ३५ सेंटिमीटर रुंद घ्यावा आणि तळातले दगड, मुळ्या, काचा वेचून काढाव्यात. तळावर वाळू पसरावी. वाळू मिळत नसेल तर बारीक चाळलेली मऊ माती चालते, खडी मात्र चालत नाही. केबलीचे ड्रम जॅकवर ठेवून फिरवत सोडावे. वेटोळ्यातून केबल ओढून काढली की तिला पीळ पडतो आणि आतले इन्सुलेशन दुखावते. ती जमिनीवरून फरफटत न नेता रोलरवरून किंवा माणसांच्या हातांवरून न्यावी. वळणावर तिचा बाक बाहेरच्या व्यासाच्या किमान बारा पट त्रिज्येचा असावा, म्हणजे ३ सेंटिमीटर जाडीच्या केबलीला सुमारे ३६ सेंटिमीटर. चरात ती ताणून न टाकता किंचित नागमोडी टाकावी आणि दोन्ही टोकांना साधारण ३ मीटरचे वेटोळे जादा ठेवावे. पुढे टोक जळाले तर नवा जॉइंट न करता तेवढीच केबल पुढे ओढून घेता येते. टोके उघडी ठेवू नयेत, कारण ओल आतल्या तारांमधून दूरवर शिरते.

माती लोटण्याआधी मेगरने, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या यंत्राने, चाचणी घ्यावी, आणि चर बुजवल्यावर पुन्हा घ्यावी. पहिली चाचणी चांगली आणि दुसरी वाईट आली, तर दोष बुजवताना झाला हे त्याच दिवशी कळते. पहिल्या चाचणीनंतर केबलीवर वाळूचा थर देऊन भाजलेल्या विटा किंवा सिमेंटच्या फरश्या एकमेकींना खेटून अशा मांडाव्यात, की केबलीच्या दोन्ही बाजूंना त्या किमान ५ सेंटिमीटर बाहेर राहतील. मग मातीचा थर, त्यावर पृष्ठभागाच्या खाली फूटभर अंतरावर इशारा देणारी रंगीत पट्टी आणि वर उरलेली माती, अशा क्रमाने प्रत्येक थर पाणी मारून धुम्मसने ठोकत चर भरावा. विटांचे काम वजन पेलण्याचे नाही, ‘खाली काहीतरी आहे, थांब’ असे खोदणाऱ्याला सांगण्याचे आहे. म्हणूनच तिथे उरलेसुरले तुकडे टाकून वेळ मारून नेऊ नये.

काळ्या जमिनीबद्दल थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण विदर्भ-मराठवाड्यातल्या आणि देशावरच्या बऱ्याच वाचकांची केबल याच मातीत जाणार आहे. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला हात-दोन हात खोल भेगा पडतात. ताणून टाकलेली केबल या हालचालीत ओढली जाते आणि ताण सर्वांत आधी जॉइंटवर येतो. म्हणून अशा जमिनीत शक्य तर एकसंध केबल घ्यावी, जॉइंट टाळावा, नागमोड थोडी अधिक ठेवावी आणि केबलीभोवती खणलेली काळी माती न भरता वाळू किंवा चाळलेला बारीक मुरूम भरावा.

कोकणात आणि गोव्यात अडचण उलटी असते. फूटभर मातीखाली जांभा लागतो आणि देशावर माळरानाला काळा पाषाण लागतो. तिथे कातळ लागला म्हणून केबल उथळ टाकून मोकळे होणे हा उपाय नाही. पहिला पर्याय मार्ग बदलण्याचा आणि दुसरा ब्रेकरने कातळ फोडण्याचा. दोन्ही शक्य नसतील, तरच परवानाधारक विद्युत ठेकेदाराच्या सल्ल्याने केबल जाड पाइपमधून नेऊन त्याभोवती काँक्रीट ओतावे, आणि तो टप्पा नकाशात ठळक दाखवावा.

रस्ता किंवा गाडीवाट ओलांडताना किमान १०० मिलिमीटर व्यासाचा पाइप रस्त्याच्या दोन्ही कडांच्या थोडा पलीकडे जाईल असा टाकावा आणि केबल ओवल्यावर त्याची तोंडे बंद करावीत. तीन फेजच्या तीन सुट्या एकेरी केबली असतील तर त्या वेगवेगळ्या लोखंडी पाइपांतून नेऊ नयेत; चुंबकीय परिणामामुळे तो पाइपच तापतो.

पाण्याच्या पाइपलाइनसाठी तीन फुटांचा चर खोदलेलाच आहे, तर त्यातच केबल टाकू, हा मोह शेतकऱ्याला हमखास होतो. खोदाईचा खर्च वाचतो हे खरे. पण पाइप फुटला की दुरुस्तीला येणारा माणूस चिखलात, हाताने चाचपत, कुदळ चालवतो आणि नेमकी तिथेच केबल असते. पाणी किंवा गॅसच्या वाहिनीपासून आणि टेलिफोन-इंटरनेटच्या केबलीपासून वीजकेबल किमान ३० सेंटिमीटर दूर हवी. चर एकच ठेवायचा असेल तर तो तेवढा रुंद घ्यावा.

केबल जमिनीतून वर येते तिथे ती पुरुषभर उंचीपर्यंत लोखंडी पाइपमध्ये असावी, कारण खुरप्याचा, बैलाच्या शिंगाचा आणि गवत जाळताना लागणाऱ्या आगीचा मार तिथेच बसतो. घराच्या मुख्य पेटीत ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारे उपकरण) जरूर बसवावा. उच्च दाबाची केबल आपल्या आवारात टाकायची असेल, तर ती चालू करण्यापूर्वी विद्युत निरीक्षकांची मंजुरी लागते. खांबापासून मीटरपर्यंतच्या वाहिनीला वीज वितरण कंपनीशिवाय कोणीही हात लावू नये.

चर उघडा असतानाच टेप धरून दर काही मीटरवर फोटो काढावेत, घराच्या कोपऱ्यापासून आणि विहिरीच्या कठड्यापासून अंतरे मोजून साधा नकाशा करावा आणि तो मीटर पेटीच्या दाराच्या आतून चिकटवावा. प्रत्येक वळणावर आणि जॉइंटवर खुणेचा दगड रोवावा. पुढे तिथे खोदायचे झाल्यास आधी पुरवठा बंद करून कुलूप लावावे, नकाशातल्या खुणेच्या दोन्ही बाजूंना हाताने चाचणी खड्डे घेऊन केबल प्रत्यक्ष पाहावी आणि मगच जेसीबीला बोलवावे. तरीही केबल तुटलीच, तर जेसीबीच्या चालकाने खाली न उतरता आत बसून राहावे, बाकीच्यांनी दूर व्हावे आणि १९१२ या क्रमांकावर कळवून पुरवठा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत त्या खड्ड्याजवळ कोणालाही जाऊ देऊ नये.